दोन तिरक्या रेघा

ताई : लॅपटॉप दे इकडे. बाकी सगळ्यांचे झाले, तुझाच राहिलाय.

धाकटा : झाले म्हणजे? पुसले?

ताई : हळू बोल, केबिनची काच आहे ही, भिंत नाही. लिफ्टच्या प्रोग्रॅमच्या मुख्य प्रतीतून तुझा बदल मी सकाळीच काढला. आता कोणी कितीही मागे जाऊन बघू दे, ती ओळ कधी बंद झालीच नव्हती.

धाकटा : झाली होती ना पण! दार उघडं असेल तर लिफ्ट हलू द्यायची नाही, एवढंच काम होतं तिचं. चाचणी अडत होती म्हणून मी तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा मारून ती बंद केली. शेजारी लिहिलं, ‘तात्पुरतं बंद, सोमवारी चालू करणे.’ आणि विसरलो गं. साफ विसरलो.

ताई : पुरे आता.

धाकटा : त्या बाई गेल्या, ताई. एक पाय आत होता, एक बाहेर, आणि लिफ्ट हलली.

ताई : माहितीये मला! पण तुला इथे मी चिकटवलं. आईला काय तोंड दाखवू?

धाकटा : आणि तो मेकॅनिक? कोठडीत बसलाय. म्हणे दाराचा खटका त्याने नीट बसवला नाही.

ताई : त्याला वकील मिळेल.

धाकटा : त्याला या लॅपटॉपमधली नोंद हवीये. कोणी, कधी, काय बदललं, सगळं आहे हिच्यात. आणि आता एवढी एकच प्रत उरलीये.

ताई : म्हणून तर मागतेय. तू गप्प राहा, मी निस्तरते. लहानपणापासून तेच करत आलेय.

धाकटा : मग माझ्या नावाखालचं पण वाच.

(ताई लॅपटॉप स्वतःकडे वळवून वाचते.)

ताई : ‘तपासलं. ठीक आहे.’

धाकटा : खाली तुझं नाव. मी तपासायला पाठवल्यावर अकराव्या सेकंदाला. सकाळी पुसताना दिसलंच असेल.

ताई : दिसलं.

धाकटा : मग कोणासाठी पुसलंस? माझ्यासाठी की स्वतःसाठी?

ताई : सकाळपासून मीही तेच विचारतेय... उघडलंसुद्धा नव्हतं रे मी. तुझं नाव बघितलं, म्हटलं आपलाच आहे.

धाकटा : चौकशीवाले खाली आलेत. मी जातो.

ताई : थांब.

धाकटा : ताई, अडवू नकोस.

ताई : अडवत नाहीये. चार्जर घे. बॅटरी उतरलीये तुझी. मी चप्पल घालते.