पुढल्या साली या, माय

रिया, ईशान,

आपल्या घरच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे यंदा पुन्हा रंगवून घेतले. तुम्ही लहानपणी ज्यांना घाबरून माझ्या पदरात तोंड लपवायचात, तेच दोघींचे. आणायला नंदनवन वस्तीत गेले तर भर दुपारी घराच्या सगळ्या खिडक्यांना जाड पडदे. रंगवणाऱ्या वनिताबाईंना कारण विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा.

माझं माहेर खापरखेड्याकडलं, काकू. आमच्या दारातून त्या वीज कारखान्याच्या उंच चिमण्या दिसत, बाप ठेकेदाराकडे मजूर, माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाय, अन् मी मायच्या मागं मागं, डोक्यावर फडकं बी नाही, अख्खा दिवस उन्हात. आपल्याकडच्या माणसाले ऊन म्हणजे काय, घरचंच. तेच ऊन पुढं वैरी होईन असं कोणाले वाटलं असतं, सांगा.

लग्न होऊन इथं आली. नवरा, गजानन, लकडगंजात आरा मशीनवर लाकडं कापते, अन् सासू मुखवटे रंगवे. मातीचे नवे बी करतो, पण जुनेच जास्त येतात, कारण महालक्ष्म्याचे मुखवटे कोणी बुडवत नाही ना. तीन दिवसाचा पाहुणचार झाला की पाठवणी करायची अन् लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवायचे, वर्षभर पेटीतच. सासूनं मले सगळं शिकवलं. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, अन् काढले की लगेच तोंडावर फडकं टाकायचं. काहून जी आई, म्हटलं, तर म्हणे, त्या पाहाले लागतात. बस, तेवढंच बोलली. घरभर फडकं टाकलेली तोंडं, काकू. नवी होती तेव्हा मी त्या खोलीत एकटी जात नव्हती.

अन् आमच्या घरची एक खूण हाये. दुसरे लोक दोन गाल वेगवेगळे रंगवतात. आमच्यात एका गालावरून लाल रंगाचा हात निघते, नाकाच्या दांडीवरून जाते अन् दुसऱ्या गालाले मिळते. तुमच्याबी मुखवट्यावर पाहा, तसंच असंन.

तर एका उन्हाळ्यात मी गच्चीवर मुखवटे वाळवून राहिली होती. सकाळी बोटं मिटत नव्हती, ब्रश धरवत नव्हता, दिवस उतरला की बारीक ताप, अन् केस तर असे गळत की उशीवरून गोळा करून टाका. मले वाटलं काम जास्त झालं. एक दिवस गच्चीवरून खाली आली तर सासू माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणे, वने, तोंड धू वं, रंग लागला तुले. धुतलं. म्हणे, पुन्हा धू. साबणानं घासलं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, निघंच ना. मंग आरशात पाहिलं अन् काय सांगू तुम्हाले, दोन्ही गाल लाल अन् नाकाच्या दांडीवरून दोन्हीले जोडणारा पट्टा. आमच्याच घरची खूण. जशी कोणी मलेच रंगवून ठेवली. सासू पुढं आली. हातातलं फडकं झटकलं अन् माझ्या तोंडावर टाकलं.

मंग काय, देवी आली, देवी आली. गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन हजर. उशाले कडुलिंबाचा डहाळा, सुई टोचायची नाही, गोळी द्यायची नाही, देवीचा कोप होते. मले पाटावर बसवे अन् ओटी भरे. माझे गुडघे असे ठणकत की पाटावरून उठवत नव्हतं, तर त्या म्हणे, पाहा, आसन सोडत नाही. एक म्हातारी पाया पडाले आली, लाडानं माझा हात धरला अन् झटक्यानं सोडला. म्हणे, हिचा हात मातीचा हाये वं, गारठोण. मी पाहिलं, कूलरच्या हवेनं बोटं पांढरीफटक झाली होती, मंग पाहता पाहता निळी. मलेच माझी भीती वाटाले लागली, काकू. वाटे, मी आतून मुखवटा होऊन राहिली काय.

गजाननच शेवटी बोलला. म्हणे, देवी हाये तर हाये, देवीले ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं तर कोणतं पाप लागते? ती बी शहर पाहून घेईन. सासू त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, पण अडवलं बी नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईनं रक्त पाहिलं, लघवी पाहिली, अन् ल्युपस म्हटलं. कोणापासून लागत नाही, कोणाले लागत नाही. म्हणे, रोगाशी लढाले शरीरात जे राखणदार असते, ते तुमच्याच शरीराले परकं समजून राहिले, सांधे, कातडी, जे सापडंन त्याच्यावर धावते. गजानन म्हणे, म्हणजे आमच्या आरा मिलचं कुत्रं मालकालेच चावून राहिलं म्हणा. ती हसली, म्हणे हो, तसंच. गजानन म्हणे, मंग कुत्रं मारून टाका. म्हणे, कसं मारता, चोर बी येतात ना, त्याले शांत ठेवायचं, साखळीवर. गोळ्या म्हणजे साखळी. उन्हानं ते चवताळते, म्हणून ऊन टाळायचं. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाही. मी विचारलं, कितीक दिवस? ती म्हणे, हे जन्माचं हाये, बाई. ते मले ऐकू आलं, पण मनात शिरलं नाही.

गोळ्या चालू झाल्या अन् महालक्ष्म्या येईपर्यंत तोंड साफ. ताप नाही, दुखणं नाही. सासू म्हणे, पाहा, देवी निघाली, आता तिले रीतीनं वाटे लावू. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्याची पाठवणी झाली अन् मंग मले पाटावर बसवलं. दहीभाताचा घास दिला. जसा मुखवटा जागचा जरासा हलवतात, तसं माझं तोंड दोन्ही हातानं धरून दाराकडे वळवलं. डोक्यावर अक्षता टाकल्या. अन् सासूच्या तोंडून निघून गेलं, पुढल्या साली या, माय.

जन्मभराची सवय, काकू. पाठवणी म्हटली की तेच शब्द येतात. पण बोलली अन् खोलीत कोणी हललं नाही. एकीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. माझं तोंड दाराकडे, अन् मले वाटलं, दारातून जाता जाता कोणी वळून पाहून राहिलं.

गोळ्या बंद झाल्या. पाठवणी झाल्यावर गोळ्या कशाले? अन् दिवाळीच्या आधी ती आली, पण ह्यावेळी रंग नाही, दुखणं नाही. नुसती सूज. आधी पाय, मंग डोळ्याखाली, लघवीले फेस. एक दिवस सासूनं माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् भिंतीले टेकली, कारण माझं तोंड गोल झालं होतं, गुळगुळीत, कच्च्या मुखवट्यासारखं, डोळे काढायच्या आधीचं. किडनीवर गेलं होतं. दवाखान्यात ठेवलं, बाटल्या लागल्या. वाचंन का नाही, कोणी नक्की सांगत नव्हतं. सासू पलंगापाशी बसे अन् एकच बोले, मीच बोलावलं वं तिले, मीच बोलावलं. जेवण सोडलं तिनं.

डॉक्टरीणबाईनं सांगितलं, गेलंच नव्हतं ते, गोळ्याईनं दबून होतं. तेव्हा मले समजलं. मी सासूले म्हटलं, आई, आपण पाठवणी करतो तेव्हा महालक्ष्म्या कुठं जातात? ती म्हणे, कुठं जातीन, पेटीत. म्हटलं, मंग? तोंड दिसत नाही म्हणून घरात नाही काय? तुम्ही नाही बोलावलं. ती घरातच होती, मी गोळ्या सोडल्या, पेटी उघडी सोडली.  सासूनं उठून माझ्याच डब्यातली अर्धी पोळी खाल्ली.

वाचली मी. आता घरातच रंगवते, पडद्यामागं. गच्चीवर गजानन चढते. रक्त-लघवी तपासाले जाते, दुखत नसलं तरी जाते. दिवाबत्ती झाली की सासू पाण्याचा गिलास अन् गोळी घेऊन समोर उभी राहते, गिळंपर्यंत हलत नाही. लाल रंग मात्र मी स्वतःच्या हातानं लावते, भ्याले नाही लागत आता, फक्त लावून झाला की एकदा आरशात पाहून येते.

तुमच्या नातवंडाईले माझा आशीर्वाद सांगा, काकू. तिकडं परदेशात ऊन कमी असते म्हणतात, बरं हाये. अन् आमच्याकडची पाठवणी पाहाले या कधी. सासू थकली आता, पण अक्षता तीच टाकते. मुखवटे हलवते, अन् शेवटचे शब्द बोलायच्या आधी माझ्याकडे येते, आपल्या दोन्ही हातानं माझे दोन्ही कान घट्ट झाकते. मंग म्हणते, पुढल्या साली या, माय.