गळाला लागलेली अज्जी

…अन् वर मलाच इचारतोय, "अज्जी, माशाला काळं आवडंल का भुरं?" मला काय ठावं रे बाबा? सत्तरी उलटली, गळ्यात लिंग हाय, घरात कधी अंड्याचं टरफल आलं न्हाई, अन् मी सांगू व्हय माशाची आवड? पण तुम्हाला सांगते बायांनो, चूक माझीच. एकच बांधते म्हणलं होतं मी. एकच!

झालं काय, आमचा नातू महेशकुमार. हैदराबादची नोकरी सुटली, जनवाड्याला घरी आला, अन् ओसरीवर धंदा मांडला. कशाचा? तर गळाचा! शिशाचं बारकं डोकं, त्याला आकडा, अन् आकड्याला केसाचं शेपूट बांधायचं. जिग म्हणतेत त्याला. पाण्यात वढलं की केसं अशी हलतेत, जशी मासोळीच पळायली, मोठा मासा येतो अन् गप्पकन धरतो! शौकीन लोकं फोनवरनं मागवतेत. "आपल्याला कुठं खायचंय अज्जी? आपण नुसतं बांधायचं." घ्या! शेळीच्या दाढीचे केस, म्हशीच्या शेपटीचे केस… घरात माणसाला टेकायला जागा न्हाई, केसाला मात्र डबे!

पण ह्याची गाठ कसली? आवळली की सुटली, आवळली की सुटली. मी जन्मभर बैलांचे गोंडे बांधले. बैल म्हातारा होऊन गेला, गोंडा सुटला न्हाई! मला बघवंना. "सर बाजूला," म्हणलं, "एकच बांधून दाखवते." झालं! ते एक गेलं धरणावर, तिथनं फोन, "असलेच शंभर पाठवा!" तवापासनं मी दावणीला. पुराणाला जाऊ? "अज्जी, इतकं झालं की." शेजारी सरुबाईकडं बसू? "अज्जी, दहाच राहिलेत." अरे, एकच म्हणलं होतं ना मी?

तेवढ्यात कडगंचीहून ह्या माझ्या नातीचा, शैलश्रीचा फोन. "अज्जी, मुलगी झाली, पाळणा तूच म्हणायचा." मी लगोलग पिशवी भरली. महेश म्हणतोय, "शंभर झाले की नेतो." शंभर झाले. "अजून पन्नास!" अन् बारसं आलं आठ दिसावर.

मग म्हणलं, आता मालच नासवायचा. ढिली गाठ मारून बघितली, बोटंच ऐकनात, आपसूक आवळतेत मेली! मग काय केलं, फणीत अडकलेले माझे पांढरे केस काढले अन् तेच बांधले. खोबरेलाचा वास, वर इभूतीची बोटं. म्हणलं, कोणता मासा तोंड लावतोय बघते! गिऱ्हाईक शिव्या घालंल, धंदा बसंल, मी सुटंन.

दुसऱ्या दिशी महेश नाचतच आला. "अज्जी! हातभर मासा! पांढऱ्यावरच! कोणत्या जनावराचे केस गं हे?"

काय सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगायचं? "म्हातारं हाय," म्हणलं, "बांधून घातलेलंच असतंय." त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं… फणीकडं बघितलं… अन् तवापासनं रोज सकाळी फणी घेऊन हजर! "अज्जी, येणी घालू?" माझी सून हेमावती खुश, "बघा, पोरगं अज्जीची कशी सेवा करायलंय!" सेवा कसली बाई, कापणी हाय ती!

मग मीबी हटून बसले. "कडगंचीला नेणार असशील तरच केसाला हात लाव." अन् काय आश्चर्य, लगीच गाडी काढली! हुमनाबादला थांबून चहा पाजला, वर भजी. मला वाटलं, पोरगं सुधारलं.

हितं आलो. तुम्ही सगळ्या लेकराचं नाक कुणावर, डोळे कुणावर बघायलाव. ह्यानं काय बघावं? टोपडं जरा वर केलं. काळंभोर जावळ, नुसतं रेशीम! दोन बोटांत धरून बघितलं, अन् माझ्या कानाला लागून, हळूच… "अज्जी, हिचं जावळ कधी काढायचंय गं?"

आता बोला! हा माघारी जाईस्तोवर मी पाळणा सोडून उठते का? ताट आणायचं तर हितंच आणा. तर हा म्हणतोय कसा, "अज्जी, बसलीच हायेस तर नुसती कामून बसलीस?" अन् माझ्या मांडीवर केसाचा डबा ठेवून गेलाय की! तुम्ही हसा, बायांनो, हसा… अन् हसून झालं की ही पाळण्याची दोरी जरा माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधा. हात मोकळे लागतेत.