सभासदाची साखर

व्हय, व्हय, सस्त झाली, मला नका सांगू! कराडच्या पेठंत ज्या त्या दुकानात पोती उघडी मांडल्यात, घ्या किती बी! रेशनचं कारड नको, रांग नको, वशिला नको... सरकारनं साखर मोकळी केली! पर माझं काय? आवं, मी उसवाला मानूस, कारखान्याचा सभासद! तुमास्नी सांगतो, गेल्या सालापतोर रेशनवर मूठ-मूठ साखर मिळायची आनि कारखाना आमा सभासदास्नी येगळी द्यायचा, तवा ह्या नाथाजीच्या सोप्यात बूड टेकायला जागा नसायची!

सकाळी दार उघडलं की कोन तरी वाटी घिऊन हजर. "आवं तात्या, पावनं आल्यात, वाटीभर द्या की." दुपारी मेढ्याचा लालासाहेब, बायकूचा लांबचा भाऊ, यष्टीनं यायचा, दोन तास माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा, गुडघ्याची! आनि उठताना हळूच, "दाजी... पोरीचं लगीन हाय, तवा जरा..." मी वराडायचो, "मी काय कारखाना गिळलाय व्हय रं?" आमची बनुबाई आतनं म्हनायची, "द्या वो, मानसं येत्यात ते काय वाईट हाय?"

बनुबाई गेली. पोरगं पलटनीत, तिकडं लडाखला. पर मानसं येत हुती, साखरंपायी का हुईना! आनि आपल्यात वाटी कुनी रिकामी माघारी धाडत न्हाई. उसनी साखर परत येताना संगं चटनी, थालीपीठ, गावातल्या चार चहाड्या...

आनि सरकारनं साखर मोकळी केली!

भाव पडला, कारखान्याची गोदामं तुंबली, उसाला तुरं आलं तरी तोडीला टोळी न्हाई. शेतकी हपिसात गेलो तर सायेब म्हनतो, "नाथाजीराव, साखर घेतंय कोन? दमानं घ्या. तवर तुमची सभासदाची साखर न्या, जादा न्या!" जादा पोतं दिलं की! उसाचा घोर हाय, न्हाई कसा? पर ऊस आज न्हाई तर उद्या तुटंल. मी पोतं गाडीत घालून आनलं, सोप्याच्या मधोमध मांडलं, तोंड सोडून बसलो. बसलो, बसलो... कुत्रं फिरकलं न्हाई! लालासाहेबाला सांगावा धाडला, गुडघा लय दुखतोय. उलट सांगावा आला, "डाक्टरला दावा."

तवा मी काय केलं? हसू नका. घरात पोतंभर साखर, आनि ह्यो गडी वाटी घिऊन शेजारच्या सुलाबाईच्या दारात! "सुलाबाई, साखर संपलीया गं, वाटीभर दे." बसलो, च्या झाला, तिच्या सासूचा खोकला, म्हशीचं दूध, समदं बोलून झालं... लय दिसांनी पोटात गार वाटलं! मनात म्हनलं, उद्या साखर परत द्यायला यायचं, म्हंजी आनखी एक बैठक! दुसऱ्या दिशी वाटी शिगोशीग भरून गेलो, तर ती उंबऱ्यातनंच, "आवं तात्या, साखर कुनी परत देतं व्हय आता? न्या माघारी!" आनि दार लोटलं की!

आलो माघारी, काय करतो? सरकारनं साखर मोकळी केली...

उद्या मीठ मागायला जानार हाय. हातावर मीठ घेतलं की भांडान हुतंय म्हंत्यात न्हवं? हूं द्या! भांडायला तरी कोन येईल दारात.