भातावरची जाळी

(शिराझमधलं एक घर. दिवाणखान्यात जमिनीवर अंथरलेल्या सोफऱ्याभोवती, म्हणजे जेवणाच्या कापडाभोवती, पाहुणे बसलेत. तूरानच्या नव्या जपानी सुनेच्या, नात्सुएच्या, हातचं पाहुण्यांसाठीचं पहिलं जेवण. स्वयंपाकघरात तूरान आणि तिची नणंद मलीहे.)

तूरान : आई सांगायची, "समोर काहीही वाढलं तरी वाढणारीला आधी म्हणायचं, तुझे हात न दुखोत, काय चव आहे!" मंगळवारी सुनेला तसंच म्हटलं हो मी, वन्सं. त्याचं हे फळ.

मलीहे : वहिनी, हे पांढरं काय? दही म्हण. माझी शपथ, दही म्हण.

तूरान : मेयोनीज.

मलीहे : या अल्ला! केशरभातावर?

तूरान : परातभर जाळी काढलीय. जपानात तिच्या घरी भातावर घेतात म्हणे. मंगळवारी स्वतःच्या ताटलीतला घास मला दिला. घशाखाली उतरेना. तरी म्हटलं, रोज खावं असं झालंय. नव्या सुनेचं मन मोडायचं का?

मलीहे : आणि ती खरं धरून बसली!

तूरान : आपण तोंडदेखलं किती बोलतो, ते तिला काय ठाऊक? आणि तुमचे चिरंजीव पिझ्झ्यावर अर्धी बाटली पिळतात, तेव्हा नाही कुणी किंचाळत!

मलीहे : पिझ्झा परक्यांचा, त्याचं काहीही करा. मेयोनीज बटाट्यात-कोंबडीत कालवून पावात भरा. पण भात आपला आहे गं! हे बघ, परात मागच्या दाराने काढ. मी कबाब मागवते. सुनेने भात करपवला म्हणून सांगू. हसतील नि विसरतील.

तूरान : हसतील, तेच तर! लग्नाआधी तिची आई फोनवर रडली होती. म्हणाली, माझ्या लेकीला तिथे चारचौघांत कुणी हसायला नको. मी शब्द दिला.

मलीहे : तोही तोंडदेखलाच असेल.

तूरान : नाही, वन्सं. तो खरा होता.

नात्सुए : (दारात येऊन) आई... आत्या ओरडल्या. मी ऐकलं. भात चुकला?

मलीहे : अगं पोरी, भातावर कधी कुणी—

तूरान : आत्यांना भूक लागली की त्या ओरडतात. तू परातीची ती बाजू धर. जड आहे.

मलीहे : वहिनी! बाहेर आमचे हे बसलेत. सगळं शिराझ बसलंय!

तूरान : बसू देत. नात्सुए, पहिलं ताट मला वाढ. सगळ्यांच्या देखत. आणि मग माझ्या शेजारी बस.