अपाचं गाठोडं

कुल्पाश : घाल, हात घाल आत. हं. आता सांग, बोटं दिसतात की नाही?

दामेली : दिसतात.

कुल्पाश : अंगठीसुद्धा?

दामेली : अंगठीसुद्धा दिसते, जाऊबाई. कापडच झिरझिरीत आहे, त्याला मी काय करू?

(शिम्केंत शहरातलं दामेलीचं घर, तिची खोली, आरसा. पलंगावर वांगी रंगाचा, आरपार दिसणारा टॉप पसरलाय. मुलाचं लग्न होऊन जेमतेम तीन आठवडे झालेत आणि ताश्कंदच्या विहीणबाई आज दुपारी पहिल्यांदाच जेवायला येताहेत. लग्नानंतरच्या पहिल्या भेटीला विहिणीने दिलेला आहेर अंगावर हवा, नाहीतर तिचा अपमान. थोरली जाऊ कुल्पाश सकाळीच येऊन बसलीये. तिला कुणी बोलावलं नव्हतं.)

कुल्पाश : काय करू म्हणे! अगं, छपन्न वर्षांच्या बाईला, नवरा जाऊन आठ वर्षं झालेल्या बाईला कुणी मच्छरदाणी शिवून देतं का? मी सांगते, यात काहीतरी पाणी मुरतंय.

दामेली : आवडलं असेल त्यांना. दिलं.

कुल्पाश : आवडलं असेल! साखरपुड्याला तू नाचलीस की नाही?

दामेली : मुलाचा साखरपुडा होता. सगळ्याच नाचल्या. तुम्हीपण नाचलात.

कुल्पाश : मी जाग्यावर नाचले. तू हात वर करून नाचलीस. विहीण कोपऱ्यात बसून बघत होती, मी तिच्याकडे बघत होते. तिने तेव्हाच मनात धरलं. ‘बाईला फार हौस आहे काय? थांब, देते.’ हा टोमणा आहे, दामेली. कापडाचा टोमणा.

दामेली : इतकं कोण मनात धरतं?

कुल्पाश : नाहीतर दुसरा अर्थ. आरपार दिसणारं कापड. म्हणजे काय, तर तुमच्या घरातलं सगळं आम्हाला दिसतं हो, कझाखांनो.

दामेली : तुम्ही म्हणजे ना जाऊबाई, सुतावरून स्वर्ग गाठता.

कुल्पाश : गाठते. मग मला हे सांग, तुझ्या आसेमला काय दिलं तिने? चौतिशीच्या पोरीला? काळाकुट्ट मखमलीचा कोट! जरीचा काठ लावून! आपल्या सासूला पुरताना शोभला असता असा. आईला नटवी केली आणि लेकीला म्हातारी. का? तर लेकीचा काडीमोड झालाय. ‘तुझं संपलं, बाई, आता पांघरूण घेऊन बस.’ बिचारी आसेम अस्तानाला परत जाताना तोंड एवढंसं करून गेली.

दामेली : तिचं तोंड कोटाने नाही, गाडी चुकली म्हणून तसं झालं होतं.

कुल्पाश : तू झाक. तुला झाकायची सवयच आहे. बरं, हातात दिलं कुणी ते गाठोडं? तिने स्वतः?

दामेली : नाही हो. ताश्कंदला त्यांच्याकडचं जेवण झालं, मधोमध सगळी गाठोडी रचली होती. विहीणबाई लांबून ओरडल्या, ‘ते वरचं अपाचं!’ नवरदेवानेच, आपल्या येरासिलने, उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी तिथेच सोडलं. सोडायला नको होतं.

कुल्पाश : बघ. सगळ्यांदेखत. आणि अंगाला बसतो कसा गं? तू परवा घालून बघितलास म्हणालीस ना? तुझे हे दंड, माझ्या उशीएवढे. तुझं माप तिला दिलं कुणी?

दामेली : ते मलाही कळलं नाही. बसतो मात्र छान.

कुल्पाश : हेर आहे. घरात हेर आहे. आणि तो कुठला ते मला ठाऊक आहे.

मुखय्यो : ओयीजान, आत येऊ का? बाउरसाकचे गोळे तळून झाले. पुलावाचं झाकण मी उघडलं नाही.

कुल्पाश : आली. नाव काढलं नाही तोच आली.

दामेली : ये गं, सूनबाई. ये.

कुल्पाश : हे ‘ओयी, ओयी’ काय लावलंय हिने?

दामेली : ताश्कंदला आईला ओयी म्हणतात, जाऊबाई.

कुल्पाश : आपल्याकडे अपा म्हणतात. पोरगी कझाखांच्या घरात आली ना? मग तिला शिकव.

दामेली : शिकेल हळूहळू. मला ओयी ऐकायला गोड वाटतं. मुखय्यो, तूच सांग, हे घालू की माझा तपकिरी झगा घालू?

मुखय्यो : झगा नको, ओयीजान. तपकिरी झग्यात तुम्ही दवाखान्यात रक्त काढायला निघाल्यासारख्या दिसता.

दामेली : एकतीस वर्षं तेच केलंय, बाई.

मुखय्यो : आज सुट्टी. हे आतून घाला आधी. बिनबाह्यांचं आहे, टॉपच्याच रंगाचं. मी काल पाण्यात रंग घालून उकळून काढलं.

कुल्पाश : आतून पांढरं घालतात. माझ्या वेळेपासून पांढरंच घालतात.

मुखय्यो : पांढरं घातलं की सगळं उठून दिसतं, मावशी. त्याच रंगाचं घातलं की काही दिसत नाही, नुसता भास होतो. उघडे राहतात ते फक्त हात.

दामेली : हातांचंच तर भय आहे. लोंबतात.

मुखय्यो : बाही सैल आहे. वाऱ्यासारखी हलते, दंड कुठे संपतो आणि कापड कुठे लागतं ते कुणाला कळतही नाही. हं, आता वरून तुमचं काळं लांब जाकीट. बटणं लावायची नाहीत, सोडा. पुढून थोडंसं पँटमध्ये खोचा. एवढंच. मागून राहू द्या. पिन टोचू नका, धागा ओढला जातो.

कुल्पाश : दुकान मांडलंय नुसतं.

मुखय्यो : आणि ओयीजान, हात सारखा गळ्याशी नेऊ नका. तुम्ही झाकायला गेलात की लोक तिथेच बघतात.

दामेली : नकळत जातो गं.

मुखय्यो : मग हातात चहाची किटली धरा. आता बघा आरशात.

(दामेली आरशासमोर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळून बघते.)

कुल्पाश : काय? बोल की.

दामेली : जाऊबाई, ही मी आहे?

कुल्पाश : म्हातारचळ लागलाय. पण... फिर जरा. हं. पाठ ताठ ठेवली की बरी दिसतेस. तरी माझा संशय जात नाही. आईने टोमणा शिवून पाठवायचा आणि लेकीने तो आपल्या हातांनी सासूच्या अंगावर चढवायचा! गोगलगाय आणि पोटात पाय.

मुखय्यो : टोमणा कसला, मावशी?

दामेली : काही नाही गं. तू कानांचं बघ. हे मोती बरे?

मुखय्यो : मोती लहान पडतात. संध्याकाळच्या गाडीने आसेमअपा येतील तेव्हा त्यांचे मोठे चांदीचे डूल मागून घेऊ. आत्तापुरते माझे—

कुल्पाश : थांब.

मुखय्यो : काय झालं?

कुल्पाश : काय म्हणालीस तू? आसेमला काय म्हणालीस?

मुखय्यो : आसेमअपा.

कुल्पाश : तिला कशाला अपा? ती काय तुझी आई आहे?

मुखय्यो : नणंद आहे ना, मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला, मोठ्या नणंदेला अपाच... म्हणजे... मला कामं आहेत. मी पुलाव बघते.

कुल्पाश : पुलाव कुठे पळून जात नाही. उभी राहा. ‘ते वरचं अपाचं’ म्हणून तुझी आई ओरडली. कोणती अपा? तुमची की आमची?

दामेली : मुखय्यो?

मुखय्यो : ...आमची, ओयीजान.

दामेली : म्हणजे हे आसेमचं.

मुखय्यो : मीच शिवलं होतं. आसेमअपांच्या मापाने.

दामेली : आणि तो कोट माझा.

मुखय्यो : हो.

दामेली : काळा.

मुखय्यो : गर्द निळा आहे, ओयीजान. उजेडात दिसतो. थोरांचा मान म्हणून.

कुल्पाश : हात्तिच्या! आणि मी तीन आठवडे त्या बाईला शिव्या घालतेय!

दामेली : कोट. बरोबर आहे. कोटच देणार मला.

कुल्पाश : आता रडतेस कशाला? टोमणा नव्हता, झालं! खूश व्हायचं सोडून!

दामेली : तुम्ही टोमणा म्हणायचात आणि मी मान हलवायची. पण तुम्ही घरी गेलात की मी हे गाठोडं उघडून बसायची. वाटायचं, नसलाच टोमणा तर? त्या कोपऱ्यात बसून मला बघत होत्या म्हणता, त्यांना मी खरंच अशी दिसले असले तर? ह्या रंगाची, ह्या कापडाची? आठ वर्षांत कुणी मला असं काही दिलं नव्हतं, जाऊबाई. आणि आता कळतंय की हेही दिलं नव्हतं. मी कुणालाच दिसले नव्हते.

मुखय्यो : मला दिसलात.

कुल्पाश : तू गप्प बस. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!

मुखय्यो : होतं. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगायला आले होते. दार थोडं उघडं होतं. ओयीजान हे अंगाला लावून आरशासमोर उभ्या होत्या, आणि हात वर करून, अगदी हळू... नाचत होत्या. मग माझ्याने सांगवलं नाही.

दामेली : अगं बाई! ते पाहिलंस तू?

मुखय्यो : तुम्ही बाजारात गेलात तेव्हा दोन्ही बाह्या उसवल्या. आसेमअपांचे दंड बारीक. तुम्हाला काचलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता, ‘बघ, हे माझ्यासाठी नव्हतंच.’ म्हणून आत पट्टी घातली. काखेतून बघा. शिवण नवी आहे.

कुल्पाश : म्हणून बसला होय!

दामेली : कुठे? हं... हो. लागतेय हाताला.

मुखय्यो : हे आता आसेमअपांना ढगळ होईल. मला रागवा, पण मी लबाडी केली ती तुमच्यासाठी केली.

कुल्पाश : लबाडी ती लबाडीच. बरं, ते राहू दे, पुढचं बघा! विहीण आत्ता येईल आणि बघेल की लेकीचा आहेर आईने अंगात घातलाय. ताश्कंदला जाऊन सांगेल, कझाखांच्या घरात आया पोरींच्या अंगावरचं ओढून घेतात. तो कोट पडलाय अस्तानाला! दामेली, काढ हे. तपकिरी झगा चढव. म्हणावं, आहेर धुवायला टाकलाय.

दामेली : पाव्हण्यांपुढे खोटं बोलू?

कुल्पाश : मग खरं बोलून हसं करून घे! ऐक, फाटक वाजलं. गाडी आली. अगं, जाकीट काढ आधी! मी धरते.

मुखय्यो : आईच आहे. ओयीजान, तुम्ही म्हणाल तसं. मी तिला बाहेर थोपवून धरते, तुम्हाला बदलायला वेळ मिळेल.

दामेली : नको.

कुल्पाश : नको म्हणजे?

दामेली : थोपवू नकोस. तुझे डूल दे इकडे. आणि जाऊबाई, माझ्या जाकिटाची बाही सोडा.

कुल्पाश : लोक हसतील गं!

दामेली : हसतील त्यांचे दात दिसतील. मुखय्यो, किटली कुठाय? हं, अशीच धरायची ना? जा, दार उघड.

कुल्पाश : देवा, ही तर खरंच निघाली! अगं, निदान मान खाली... नाही. नाही, राहू दे. मान वरच ठेव. तशीच बरी दिसतेस.

दामेली : या, विहीणबाई, या. उंबऱ्यात अशा का थबकलात? टॉपकडे बघताय होय? तुम्हीच नव्हतं का सांगितलं, ते वरचं अपाचं म्हणून? आमच्या घरात अपा मीच. बसा, चहा ओतते.