नाव सांग, गाव सांग

(सोलापुरातलं एक नाट्यगृह, दुपारचे तीन. रंगमंचावर गायिका ऋतुजा. समोर अंधारात, शेवटच्या रांगेत साउंडवाले वीरभद्रप्पा.)

वीरभद्रप्पा : माइक बाजूला ठेव म्हणलं की. हातात धरूनच उभी ऱ्हायलीस.

ऋतुजा : अप्पा, माइक चेक करायला बोलावलंत आणि माइकच ठेवू?

वीरभद्रप्पा : नुसत्या तोंडानं नाव सांग, गाव सांग. हितं शेवटच्या रांगंत पोचलं, की मग मिक्सरला हात लावणार. चाळीस वर्सं झाली, कुणाला सोडलं न्हाय.

ऋतुजा : माहितीय. गड्ड्याची जत्रा असो की गणपतीचा मांडव, ऑर्केस्ट्रातली मुलं म्हणतात, साउंड म्हणजे अप्पा. तुमची तारीख मिळेना म्हणून मी कार्यक्रम दोन महिने पुढं ढकलला.

वीरभद्रप्पा : मग मघापासनं त्या पेन ड्राइव्हला का चिकटलीस?

ऋतुजा : यात माझीच गाणी आहेत, माझ्याच आवाजात. मी गाताना खालून हळू चालू ठेवा. आवाज अडला, तर वाढवा.

वीरभद्रप्पा : म्हंजी तू तोंड हलवणार, अन् डबा गाणार.

ऋतुजा : कुर्डुवाडीला वरची ओळ घेताना आवाज फाटला माझा. तुम्हीच होता की साउंडला.

वीरभद्रप्पा : हुतो. थांबलीस, पाणी प्यालीस, अन् तीच वळ पुन्ना धरलीस. समदं पब्लिक उभं ऱ्हायलं. तू मान खाली घातलेली, तुला कुटनं दिसणार?

ऋतुजा : सहा वर्षं दुसऱ्यांची गाणी गायले, अप्पा. आज पहिल्यांदा माझी गाणी, बोर्डावर माझं नाव. आज फाटला तर परत कोण बोलावणार मला?

वीरभद्रप्पा : लावतो तुजा ट्रॅक. पर आदी नाव, गाव.

ऋतुजा : ऋतुजा. मंद्रूप.

वीरभद्रप्पा : न्हाय आलं.

ऋतुजा : ऋतुजा! मंद्रूप!

वीरभद्रप्पा : ही नुसती वरडलीस. ऱ्हाऊ दे, तुज्या आईच्या चालीवरचं हाय न्हवं एक नवं गाणं? त्यातली वळ म्हण.

ऋतुजा : ‘ज्वारीच्या रानी गुणगुणलीस तू, तेच मी आज मोठ्यानं गाते...’ आलं का? अप्पा? बोला की.

वीरभद्रप्पा : मला काय इचारतीस? शेजारी बसलीया तिला इचार.

ऋतुजा : कोण? (अंधारात डोळे ताणून) आई! तू संध्याकाळच्या एसटीनं येणार होतीस ना? आणि एवढ्या मागं का बसलीस? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय तुझी.

मल्लव्वा : नको गं. पुडं बसलं तर तू एकलीच दिसशील. हितनं समदी डोकी दिसतील, तुला ऐकणारी.

ऋतुजा : तिथं ऐकू आलं तुला?

मल्लव्वा : आलं की. लई ग्वाड आलं. ‘मोठ्यानं’ म्हणताना जरा कापलं.

ऋतुजा : तेच तर, आई. त्याचीच भीती वाटते मला.

मल्लव्वा : भ्यायचं काय त्यात? ती चाल गुणगुणताना माजंबी तितंच कापतंय.

ऋतुजा : ...अप्पा, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला मी.

वीरभद्रप्पा : बरं. आता माइक घे.