तोटीची उंची

हार्डवेअरच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या. मधोमध गवंडी.

“गवंडीदादा, तिला सांगा, पावसाचं पाणी माझ्या पत्र्यावरचं आहे.”

“थोरलीला सांगा, टाकी माझ्या अंगणात होणार आहे.”

“ढगाला तुमची वाटणी ठाऊक नाही, बायांनो. जमवलं नाहीत, तर दोघींच्या डोक्यावर पुन्हा टेकडीखालचे हंडे. टाकी जमिनीवर बांधू की ओट्यावर?”

“ओट्यावर. तोटी उंच येईल. थोरलीला वाकवत नाही.”

“तिला सांगा, मला चांगलं वाकवतं!”

“काल कंबर धरून उठत होत्या. भिंतीवरून पाहिलंय मी.”

“भिंतीवरून बघतेस होय गं मला?”

“रोज बघते. बोलायचं नाही ठरलंय, जाऊबाई. बघायचं नाही, असं कुठे ठरलंय?”

“…बांधा दादा, ओट्यावरच बांधा. आणि खाली एक पायरी ठेवा, ह्या बुटकीचा हात पुरायचा नाही.”